दुसरा रिपोर्ट येईपर्यंत

मला दोन्ही झालं. आधी अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं श्रमात छातीत दुखणं, आणि काही महिन्यांनी हार्ट अटॅक. दुखणं दोन्ही वेळा त्याच जागी होतं आणि जवळजवळ तसंच होतं. त्यामुळे ‘अटॅक आला की वेगळं कळतं का हो?’ असं कुणी विचारलं की मला सरळ हो म्हणता येत नाही. दुखणं कसं आहे यावरून मला काहीच कळलं नव्हतं. ते कधी येतं, किती वेळ राहतं आणि कशानं जातं, यावरून थोडं कळलं. बाकीचं कळायला रक्ताचा दुसरा रिपोर्ट यावा लागला.

मी साताऱ्यात राहते. सहकारी बँकेत नोकरी, वय ५६. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, साखर अलीकडे सापडली. सकाळी आम्ही काही मैत्रिणी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं चालायला जातो. गेल्या हिवाळ्यात तिथं चढ लागला की मला गळ्याच्या खाली, छातीच्या मधल्या हाडामागे आवळल्यासारखं व्हायला लागलं. आतून कुणी ओलं कापड पिळतंय असा तो आवळपणा. कळ नाही, टोचणं नाही. तो हळूहळू वर, खालच्या जबड्यापर्यंत जायचा. मी उभी राहिले की दोन-तीन मिनिटांत ओसरायचा. पुन्हा चालू लागले की थोड्या वेळानं परत हजर. सपाट रस्त्याला काही नाही. बँकेत आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. जेवणानंतर जिना चढताना मात्र हमखास.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. यांचे शाळेपासूनचे मित्र, त्यामुळे मला वहिनी म्हणतात. त्यांनी नाडी, बीपी बघायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ते प्रश्न मला आजही पाठ आहेत. काय करताना येतं? थांबल्यावर किती मिनिटांत जातं? रोज तेवढ्याच चढाला येतं की कधीही? बसल्या जागी कधी आलं का? झोपेतून जाग आली का? खोल श्वास घेतला, कूस बदलली तर कमी-जास्त होतं का? मग म्हणाले, ‘‘वहिनी, कुठं दुखतं ते हातानं दाखवा.’’ मी तळहात छातीच्या मधोमध ठेवला.

‘‘बोटानं दाखवा म्हटलं तर?’’

‘‘बोटानं नाही दाखवता येणार. एवढ्या सगळ्या जागेत आहे.’’

ते म्हणाले, एका बोटानं दाखवता येणारं, दाबलं की वाढणारं, श्वासाबरोबर किंवा हालचालीबरोबर बदलणारं दुखणं बहुतेक वेळा स्नायूचं, बरगडीचं निघतं. पसरट, दडपणासारखं, श्रमानं येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं ऐकलं, की ते हृदयाचं नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयाचंच धरायचं. तिथल्या तिथं कार्डिओग्राम, म्हणजे ईसीजी, काढला. नॉर्मल आला. मला हायसं वाटलं, पण त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘‘हा फक्त या दहा सेकंदांत हृदय काय करत होतं तेवढं सांगतो. तुम्ही आत्ता पडून आहात, दुखत नाहीये. याच्यात काही दिसलं नाही म्हणून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही.’’ त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहून दिली.

तिथं आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाचे स्नायू सगळीकडे नीट आकुंचन पावत होते, म्हणजे आधी कुठं इजा होऊन गेल्याची खूण नव्हती. मग स्ट्रेस टेस्ट. पट्ट्यावर चालायचं. सुरुवातीला वेग ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, पण चढ दहा टक्के. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. छातीवर ईसीजीच्या वायरी, दंडाला बीपीचा पट्टा. दुसरा टप्पा अर्धा झाला असेल, तोच माझा ओळखीचा आवळपणा आला. मी सांगायच्या आत डॉक्टरांनी स्क्रीनकडे बोट केलं होतं. रेषेचा जो तुकडा सपाट असायला हवा तो खाली उतरला होता. मशीन बंद करून मला कॉटवर झोपवलं. काही मिनिटांत दुखणं गेलं आणि ती रेषाही हळूहळू जागेवर आली.

श्रमानं येणारं आणि थांबल्यावर जाणारं हे दुखणं म्हणजेच अँजायना, आणि रेषेचं खाली जाणं ही त्याची कागदावरची खूण. डॉक्टरांनी ते फार नीट समजावलं. हृदयाला रक्त देणाऱ्या नळीत चरबीचा थर साचून ती अरुंद झालेली असते. बसलेल्या माणसाच्या हृदयाला लागतं तेवढं रक्त त्यातूनही जातं. चढ चढताना हृदयाची मागणी वाढते, नळी तेवढं देऊ शकत नाही, आणि स्नायू तक्रार करतो. थांबलं की मागणी उतरते, तक्रार संपते. स्नायू जिवंतच राहतो. हार्ट अटॅकमध्ये बहुतेक वेळा त्या चरबीच्या थराचं वरचं आवरण फाटतं, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि रक्त जाणं खरोखर अडतं. मग थांबा, बसा, झोपा, फरक पडत नाही, कारण प्रश्न मागणीचा राहिलेलाच नसतो. साधारण वीस मिनिटांच्या पुढे स्नायूच्या पेशी मरायला लागतात, आणि मेलेला भाग पुन्हा उगवत नाही.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यांना सांगावीशी वाटते. आवरण फाटण्यासाठी अडथळा मोठाच असावा लागतो असं नाही. अनेकदा ते निम्म्याच अरुंद झालेल्या नळीत फाटतं, जिथं श्रमानं कधीही दुखलेलं नसतं. म्हणजे आधी अँजायना झाला नाही म्हणून अटॅक येणार नाही, असं कुणी समजू नये.

आमच्या घरी लगेच ‘अँजिओग्राफी करून टाका, स्प्रिंग टाकून मोकळे व्हा’ सुरू झालं. भावोजींचा तर आग्रहच होता. डॉक्टर म्हणाले, आधी सीटी अँजिओग्राफीनं डाव्या मुख्य नळीत अडथळा नाही ना ते बघू. तो नव्हता. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, की २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात स्थिर अँजायनाच्या लोकांना लगेच स्टेंट (तीच ती स्प्रिंग) किंवा बायपास केल्यानं अटॅक किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. चांगल्या औषधांवरचे लोकही तेवढेच टिकले. दुखणं मात्र स्टेंटवाल्यांचं जास्त कमी झालं. ‘‘तुमचं दुखणं गोळ्यांनी आटोक्यात राहिलं तर घाई नाही. नाही राहिलं तर अँजिओग्राफी आहेच.’’ मी गोळ्या निवडल्या. पुढं जे झालं ते होऊनही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. त्या वेळी माझी अवस्था स्थिर होती आणि जे माहीत होतं त्यावरून तो योग्य होता.

ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, ठोके कमी ठेवणारी गोळी आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. ही शेवटची कशी घ्यायची हे मला सिस्टरनी बसवून शिकवलं. आधी खाली बसायचं, मग गोळी जिभेखाली ठेवायची, कारण तिनं बीपी उतरतं आणि उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. थोडं डोकं दुखेल, चेहरा तापेल, घाबरायचं नाही. पुरुष रुग्णांना त्या एक गोष्ट खाजगीत विचारतात: लैंगिक ताकदीची गोळी घेतलीय का? तीवर सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी जिवावर बेतण्याइतकं कोसळू शकतं. लाजेनं हे लपवणारे खूप असतात असं त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून दिलं: दुखलं की थांबा, बसा, एक गोळी. पाच मिनिटांत कमी होत नसेल किंवा वाढत असेल, तर १०८ला फोन, आणि ७५च्या चार ॲस्पिरिन चावून खा. त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, की दुखणं पूर्वीपेक्षा कमी श्रमात, जास्त वेळा, जास्त वेळ किंवा बसल्या जागी यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. ॲस्पिरिनची सूचना त्यांनी माझी तपासणी करून माझ्यासाठी लिहिली होती, हे मुद्दाम सांगते. छातीतलं प्रत्येक दुखणं हृदयाच्या नळ्यांचं नसतं. महाधमनीचा थर फाटला तरी छातीत भयंकर दुखतं, आणि तिथं ॲस्पिरिन घात करते. ज्यांना डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही, त्यांनी फोनवर किंवा ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

यांनी एक वही केली. कधी दुखलं, काय करत होते, किती मिनिटं, गोळी लागली की नाही. मला सुरुवातीला ते फार वाटायचं. पण त्या वहीमुळे माझ्या दुखण्याला एक ठरलेली रेघ आहे हे दिसलं. अमुक चढ, अमुक वेग, तिथं येतं; त्याच्या आत येत नाही. गोळ्या लागू पडल्या तशी ती रेघ वर सरकत गेली. उन्हाळ्यात तर मी जिना न थांबता चढत होते.

मग गणपती आले. आमच्याकडे गौरी असतात. पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, मखर, माणसांची ये-जा. त्या आठवड्यात वहीतल्या नोंदी बदलल्या. आधी बादली उचलताना आलं. मग अंघोळ करून केस पुसताना. दोन्ही वेळा गोळीनं गेलं, पण या दोन्ही गोष्टी माझ्या रेघेच्या पुष्कळ आतल्या होत्या. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी बोलावलं आणि त्याआधी काही झालं तर थेट कॅज्युअल्टीत यायला सांगितलं. घरात आलेल्या प्रत्येकीचं म्हणणं एकच, ‘दगदग झालीय गं, जरा पड.’ प्रेमानंच म्हणत होत्या. पण मला आता या वाक्याचा राग येतो. बाईच्या छातीत दुखलं की दगदग, पित्त, गॅस, मनाला लावून घेणं, पाळी गेल्यानंतरचे बदल, एवढ्या सगळ्या खणांतून फिरून मग हृदयाचा खण उघडतो. पाळी गेल्यानंतर बायकांचा हृदयविकाराचा धोका वाढत जातो. त्यात बायकांना, मधुमेह्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणं, मळमळ, जबडा-पाठ दुखणं, विलक्षण थकवा, दरदरून घाम, असंही येतं.

गौरी बसल्या त्या रात्री साडेदहाच्या सुमारास मी खाली सतरंजीवर बसून दुसऱ्या दिवसासाठी भाजी निवडत होते. बसून. काही श्रम नाही. तोच आवळपणा, तीच जागा, जबड्यापर्यंत. फरक एवढाच, की हातातली जुडी ओली झाली इतका घाम तळहाताला आला. भिंतीला टेकून गोळी जिभेखाली ठेवली. यांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटांनी विचारलं, ‘‘कमी आहे का?’’ थोडंसुद्धा नव्हतं.

यांनी १०८ला फोन लावला. शेजारचे भाऊजी गाडी काढतो म्हणाले. स्कूटरवर मध्ये बसवून नेऊ, दहा मिनिटांत पोहोचू, असंही कुणीतरी सुचवलं. यांनी ऐकलं नाही आणि त्याबद्दल मी यांची ऋणी आहे. पहिल्या तासात खरी भीती ठोक्यांची लय अचानक बिघडून हृदय थांबण्याची असते. ॲम्ब्युलन्समध्ये मॉनिटर असतो, शॉक देण्याचं यंत्र असतं, महाराष्ट्रातल्या १०८मध्ये डॉक्टरही असतात. शेजाऱ्यांच्या गाडीत यातलं काही नसतं. ॲस्पिरिन मी तोवर चावली होती. निघताना यांनी फाइल, वही आणि गोळ्यांची पिशवी घेतली.

कॅज्युअल्टीत नाव-गाव लिहून घ्यायच्या आधी ईसीजी झाला. दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत तो व्हायला हवा असा नियमच आहे. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी माझ्या फाइलमधला जुना कार्डिओग्राम काढून नव्याशेजारी धरला. काही बदल नव्हता. हाताला सुई लावली, रक्त घेतलं, जिभेखालच्या गोळीतलं औषध असतं त्याच जातीचं औषध सलाईनमधून सुरू केलं. दुखणं उतरायला लागलं. तासाभरात ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला: ११. त्यांच्या लॅबची बायकांसाठीची मर्यादा १६ होती.

घरच्यांचे चेहरे एकदम सैल पडले. ईसीजी चांगला, रक्त चांगलं, दुखणं थांबलेलं. दिराची मुलगी म्हणाली, ‘‘काकू, गॅसच असणार. उद्या गौरी जेवायच्यात, चला घरी.’’ मलाही घरी जायचं होतं. पुरण शिजवायचं राहिलं होतं.

डॉक्टर वयानं माझ्या मुलापेक्षा लहान असतील, पण त्यांनी कुणालाही न दुखवता सगळ्यांना थांबवलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या आतलं प्रथिन, ते म्हणाले. पेशी मरायला लागल्या की ते रक्तात झिरपतं, पण झिरपायला आणि मोजण्याइतकं साचायला वेळ लागतो. ‘‘मावशी, तुमचं दुखणं सुरू होऊन फार वेळ झालेला नाही. पहिल्या रिपोर्टवरून मी फक्त एवढं सांगू शकतो, की तोपर्यंत फारसं झिरपलं नव्हतं. तीन तासांनी परत बघायचं. आकडा तिथंच राहिला तर एक अर्थ, चढला तर दुसरा.’’ यांनी विचारलं, औषधानं थांबलं म्हणजे अँजायनाच ना? तर म्हणाले, नाही. त्या औषधानं अटॅकचं दुखणंही तात्पुरतं कमी होऊ शकतं, आणि अन्ननलिका आवळल्यानं होणारं दुखणंही कमी होतं. तसंच पित्ताचं औषध घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय सुटलं असंही नाही. कशानं बरं वाटलं यावर ते निर्णय करत नाहीत.

मधल्या वेळात शेजारच्या कॉटवर कोरेगावकडचे एक शेतकरी आणले. संध्याकाळपासून उलट्या, पोटाच्या वर दुखतंय, बाधलं असेल म्हणून सोडा पाजलेला. त्यांचा ईसीजी काढला आणि खोलीतला सगळा वेग बदलला. पडद्याआडून आवाज येत होते. खालच्या भागाचा मोठा अटॅक, कॅथलॅब (नळी उघडण्याची खोली) तयार करा. त्यांच्या मुलानं विचारलं, रक्ताचा रिपोर्ट येऊ द्या ना आधी. डॉक्टर म्हणाले, ‘‘यांच्यासाठी तो लागत नाही. कागदावर दिसतंय. थांबलो तर तेवढा स्नायू जाईल.’’ नळी पूर्ण बंद झालेली असते तेव्हा ईसीजीवर रेषा वर उचललेली दिसते, आणि मग मिनिटं मोजली जातात: दारापासून नव्वद मिनिटांच्या आत फुग्यानं नळी उघडायची, कॅथलॅब जवळ नसेल तर अर्ध्या तासात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन. त्यांना स्ट्रेचरवरून नेलं ते माझ्या कॉटला घासून. त्यांना छातीत दुखतच नव्हतं. मला एवढं दुखलं होतं आणि माझा कागद साफ होता.

पहाटेच्या आधी कधीतरी मला पुन्हा आवळून आलं, सौम्यसं. मी सिस्टरना सांगितलं तशा त्या धावतच ईसीजी मशीन घेऊन आल्या. दुखत असतानाचा कागद मिळणं महत्त्वाचं असतं म्हणून. या वेळी डाव्या बाजूच्या काही वायरींच्या नोंदीत रेषा खाली उतरली होती, स्ट्रेस टेस्टला उतरली होती तशी. आणि मग दुसरा ट्रोपोनिन आला: १४८.

डॉक्टर कॉटपाशी खुर्ची ओढून बसले. हा हार्ट अटॅकच आहे, म्हणाले, पण नळी पूर्ण बंद न होता झालेला. ते त्याला एनस्टेमी म्हणतात. आकडा ११वरच थांबला असता तर याच दुखण्याला, याच ईसीजीला अस्थिर अँजायना म्हटलं असतं. म्हणजे धोका तिथंही असतोच, आवरण फाटण्याची प्रक्रिया तीच, फक्त स्नायू अजून मेलेला नाही. दोन्हीत माणसाला घरी सोडत नाहीत. मला तोपर्यंत वाटत होतं, की अँजायना आणि अटॅक ही दोन वेगळी घरं आहेत आणि आपण यातल्या एकात आहोत. मधली जागा त्या रात्री समजली.

पोटावर रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन दिलं, गोळ्यांचा मोठा डोस दिला. सकाळी अँजिओग्राफी झाली, मनगटातून. भूल फक्त सुईच्या जागेपुरती, त्यामुळे सगळं कळत होतं. हृदयाच्या पुढच्या बाजूनं उतरणाऱ्या नळीच्या मधोमध नव्वद टक्के अडथळा, कडा खरबरीत. उजव्या नळीत निम्म्याहून थोडा कमी, तो तसाच ठेवला. पुढच्या नळीत त्याच टेबलावर स्टेंट बसवला. फुगा फुगवला त्या क्षणी तोच आवळपणा आला, तीच जागा, जबड्यापर्यंत, आणि फुगा सोडल्यावर गेला. ‘‘हेच होतं का?’’ डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हटलं. माझ्या दुखण्याचा पत्ता मला त्या टेबलावर मिळाला.

खर्चाबद्दल विचारणारे खूप भेटतात. मला बँकेचा विमा होता. ज्यांना नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्रांकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावं, अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्रानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तीस हजारांच्या आसपास बांधून दिली. नंतर ती काहीशी वाढत गेली आहे, तरी त्याआधी लाखाच्या वर बिलं लागायची ती परिस्थिती राहिलेली नाही.

घरी आल्यावर वाटलं होतं, की आता ओळखण्याचं काम संपलं. ते संपत नाही. छातीत जरा काही झालं की हात आपोआप फाइलकडे जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत डाव्या स्तनाखाली सुईसारखं टोचायचं, सेकंदभर, की गेलं. बोटानं दाखवता यायचं. ते बरगडीचं. मग दमाचं प्रकरण सुरू झालं. बसल्या बसल्या अचानक मोठा श्वास घ्यावासा वाटायचा, पुरेसा आत जात नाही असं वाटायचं. घाबरून गेले तर कळलं, स्टेंटनंतर वर्षभर घ्यायच्या टिकाग्रेलॉर नावाच्या गोळीनं काही जणांना असा दम लागतो. ईसीजी, एको बघून मग सांगितलं, नुसतं ऐकून नाही. आणि ती गोळी मनानं बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं, कारण नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरण्याची भीती असते. एकोमध्ये पुढच्या भिंतीचा एक छोटा तुकडा जरा मंद हलतो. हृदयाची पंप करण्याची क्षमता ५५ टक्के, म्हणजे चांगली. डॉक्टर म्हणाले, त्या रात्री दुसऱ्या रिपोर्टला न थांबता घरी गेले असते तर हाच आकडा कितीचा असता, ते सांगता आलं नसतं.

ज्यांनी ज्यांनी त्या रात्री ‘गॅसच असणार’ म्हटलं, त्यांच्याकडून मी एकेक गोष्ट करून घेतली आहे. स्वतःचा चांगला असतानाचा कार्डिओग्राम काढून मोबाइलमध्ये फोटो ठेवायचा. गोळ्यांची नावं पाकिटात. १०८ सेव्ह. गोळीच्या बाटलीवरची तारीख बघायची.

मागच्या आठवड्यात रत्नागिरीहून नणंदेचा फोन आला, रात्री जेवणानंतर. छातीत जळजळतंय, पाठीत भरून आलंय, पित्ताची गोळी घेतली तर जरा बरं वाटतंय, तुला काय वाटतं? मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि थांबले. माझ्या विचारण्यानं तिला उगीच धीर आला असता. मी भाचीला फोन द्यायला सांगितला आणि तिला म्हटलं, आईला आत्ता ईसीजीला ने, आणि रक्त एकदा घेऊन सोडत असतील तर दुसऱ्यांदा कधी घेणार ते विचार. दोन्ही ट्रोपोनिन मर्यादेत आले, दोन्ही कागद सारखे. रात्रभर बसावं लागलं म्हणून वन्सं माझ्यावर थोड्या रागावल्यात. त्यांना स्ट्रेस टेस्टची तारीख मिळाली आहे. त्या एकट्या जायला घाबरतात, म्हणून मी आणि हे आदल्या दिवशी रत्नागिरीला जाणार आहोत.